तीन एकरांचं माहेर



उमरीच्या पोराला समुद्र कुठला? पण दीपस्तंभ खात्याच्या नोकरीनं मला लक्षद्वीपच्या कवरत्तीपर्यंत नेलं. तिथल्या शेजाऱ्यांविषयी आज थोडं सांगतो.

कवरत्तीच्या वायव्येला पिट्टी नावाचं प्रवाळाचं बेट आहे. जेमतेम तीन एकर! गोडं पाणी नाही, माणसाची वस्ती नाही. म्हणूनच सुरय पक्षी तिथं थव्यानं अंडी घालतात. १९९५मध्ये ते पक्षी अभयारण्य झालं.

यातला काळ्या पाठीचा समुद्री सुरय अजबच. पिल्लू एकदा समुद्रावर गेलं की काही वर्षं जमिनीला पाय लावत नाही. त्याची पिसं भिजतात, त्यामुळं पाण्यावरही फार बसता येत नाही. विणीला मात्र जमीन लागतेच, आणि पुष्कळ पक्षी जन्माच्या बेटाकडंच परततात.

घरटं म्हणजे वाळूतला साधा खळगा. राखण एकच : जवळपास कोणी नसणं. माणूस नुसता चालत गेला तरी आईबाप उडतात आणि अंडं उन्हात उघडं पडतं. आणि बेटच गेलं तर? तिकडंही एक परळी आहे, बरं का! बंगारामजवळचं परळी-१ हे निर्मनुष्य बेट समुद्रानं गिळल्याचं २०१७मध्ये संशोधनातून पुढं आलं.

हे इथं का सांगतोय? आपल्या गोदावरीवर याच कुळातला नदी सुरय आहे. काळी टोपी, पिवळी चोच, दुभंगलेली शेपटी. उन्हाळ्यात नदी आटली की वाळूच्या बेटांवर तो अंडी घालतो. आपल्या उन्हात ती तापू नयेत म्हणून पोटाची पिसं भिजवून येतो आणि अंड्यांवर बसतो. नेमकं त्याच दिवसांत वाळूचे ट्रॅक्टर नदीत उतरतात, कुत्री फिरतात. बंधाऱ्यांचं पाणी आपल्याला हवंच. पण त्या पाण्याखाली वाळूही जाते. जगभरच्या नोंदीत हा पक्षी आता धोक्यातल्या पक्ष्यांत मोजला जातो.

पिट्टीसाठी इथून आपल्याला फारसं करता येणार नाही. पण आपल्यापैकी कुणाचं शेत नदीकाठी आहे, कुणी ग्रामपंचायतीत आहे, कुणी शाळेत शिकवतं. ज्या वाळूवर अंडी दिसतील, तिथं मार्च ते मे ट्रॅक्टर जाऊ द्यायचा नाही, एवढं आपापल्या गावात ठरवूया. पोरांनाही सांगूया, सुरय काठावरूनच बघा. याला वर्गणी लागत नाही. तेवढे तीन महिने तिकडं पाऊल टाकायचं नाही, बस्स.