‘आजी, तुम्ही बसा’

भिलाईतल्या मराठी मंडळींच्या शरद व्याख्यानमालेत जाहीर झालेला विषय होता ‘वार्धक्य आणि हाडांचं आरोग्य’. व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट असलेल्या वक्त्या मंचावर आल्या त्या बिनहातांची एक लाकडी खुर्ची स्वतः उचलून. वृद्धाश्रमातल्या बायकांचं सगळ्यात जास्त नुकसान एका मायेच्या वाक्याने होतं, असं त्यांनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं. ते वाक्य म्हणजे, ‘आजी, तुम्ही बसा, मी आणून देते.’

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि हाडांची झीज वाढते, हे सगळ्यांना ठाऊक आहे असं धरून त्या पुढे सरकल्या. त्यांना बोलायचं होतं भाराबद्दल. जसा भार पडेल तशी हाडाची घडण होते, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. भार गेला की हाड विरळ होतं. अवकाशात अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने उतरते.

‘भाराने रूळसुद्धा थकतो, ताई. फटीग म्हणतात त्याला!’ रेल मिलमधून निवृत्त झालेले एक काका पहिल्या रांगेतून म्हणाले. सभागृह हसलं. वक्त्यांनी मुद्दा लगेच उचलला. रुळातली चीर वाढतच जाते. हाडात बारीक चीर पडली, तर पेशी तेवढा भाग विरघळवून तिथे नवं हाड भरतात. लोखंडाला ही सोय नाही.

मग बॉस्टनची गोष्ट निघाली आणि घड्याळ मागे पडलं. तिथल्या एका वृद्धसेवा केंद्रात मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी ८६ ते ९६ वर्षांच्या दहा रहिवाशांना आठ आठवडे पायांनी वजनं उचलायला लावली. हा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

वक्त्यांनी खुर्चीवर बसून दाखवलं. पावलं मागे, हात छातीशी, अंग पुढे झुकवून उठायचं. बसताना धपकन नाही, चार आकडे मोजत. मागच्या रांगांतल्या बायकाही उठबस करू लागल्या.

एका काकूंना हे पटेना. त्यांच्या सासूबाई आश्रमात आहेत. ‘पडल्या तर? तिथल्या मावशींनी काय उत्तर द्यायचं?’

भीती खरी आहे, वक्त्या म्हणाल्या. खुबा मोडलेल्या कित्येकजणी पुन्हा पहिल्यासारख्या चालत नाहीत. पण बसून बसून मांड्यांचे स्नायू आटले की बाथरूमच्या दारातही तोल जातो. नव्वदीत व्यायामाने हाड फारसं भरत नाही, हेही त्यांनी मान्य केलं. मिळकत आहे ती ताकदीची आणि तोलाची. कठडा हवा, शेजारी मावशी हव्यात, मणका पिचलेला असेल तर डॉक्टरांचा सल्ला हवा. उठायचं मात्र आजींनीच.

आहाराला पाचच मिनिटं उरली. ऑस्ट्रेलियातल्या ६० निवासी केंद्रांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे दूध, दही, चीज वाढवलं, तिथे दोन वर्षांत खुब्याची मोडतोड ४६ टक्क्यांनी कमी झाली. ‘आणि नाचणी?’ कुणीतरी विचारलं. ‘हवीच!’ तेवढ्यात घंटा झाली.

दारापाशी वक्त्यांनी त्याच काकूंना गाठलं. सासूबाईंची खुर्ची केवढी उंच आहे? खाली असेल तर वर घट्ट उशी ठेवा, जमू लागलं की काढा. काकूंनी जवळच्या खुर्चीला वीत लावली, दोनदा मोजलं आणि आकडा मोबाइलमध्ये लिहून घेतला.