दोन इमारतींमधील अंतर



मनाचे आजार ही ज्याची त्याची खाजगी बाब मानण्याची रीत भारतीय समाजात अद्याप मोडलेली नाही. घरातील एखादा माणूस अबोल झाला, रात्र रात्र जागू लागला, तर त्याचे कारण त्याच्या स्वभावात, कुळात किंवा नशिबात शोधले जाते. २०१५-१६ साली बंगलोरच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त आढळले, आणि महानगरांतील प्रमाण खेड्यांपेक्षा अधिक भरले. नशीब महानगरांतच एवढे फिरावे कसे? यावर 'शहरातील धावपळ' हे ठरीव उत्तर दिले जाते. पण धावपळ मलबार हिलवर आहे आणि गोवंडीतही आहे. फरक आहे तो खिडकी उघडल्यावर समोर काय दिसते, याचा.

शहराच्या रचनेत वर्ग वाचता येतो, हे एंगल्स यांनी १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या, इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवरील ग्रंथात दाखवून दिले. मँचेस्टरच्या हमरस्त्यांवर दुकानांच्या रांगा अशा लागल्या होत्या की, पेढीवर जाणाऱ्या धनिकाला मागच्या कामगारवस्तीचे दर्शनच घडू नये. पुढे १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लिहिताना त्यांनी असे प्रतिपादन केले की, भांडवलदारवर्ग ह्या वस्त्या नाहीशा करीत नाही, फक्त दुसरीकडे हलवितो.

ह्या रचनेचा मनावर परिणाम होतो असे म्हटले की पुरावा मागितला जातो, आणि तो मागणे योग्यच आहे. एक चांगला पुरावा अमेरिकेतून आला. फिलाडेल्फिया हे एके काळचे मोठे कारखानदारीचे शहर. कारखाने बंद पडले, लोक निघून गेले, घरे कोसळली आणि गरिबांच्या वस्त्यांतून हजारो भूखंड ओस पडून कचऱ्याने भरले. तेथील संशोधकांनी अशा ५४१ भूखंडांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. पहिल्या गटातील भूखंड साफ करून तेथे हिरवळ लावली, थोडी झाडे लावली आणि आत जाण्यास वाट ठेवून लाकडी बुटके कुंपण घातले. दुसऱ्या गटात केवळ कचरा उचलला. तिसरा गट होता तसाच ठेवला. आधी आणि नंतर अशी दोन्ही वेळा आसपासच्या ४४२ रहिवाशांकडे विचारपूस करण्यात आली. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हिरवळ केलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्यांत खिन्नतेची तक्रार, काहीच न केलेल्या भूखंडांच्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी घटली होती. दारिद्र्यरेषेखालील वस्त्यांत ही घट त्याहूनही मोठी होती. नुसता कचरा उचलल्याने मात्र फारसा फरक पडला नाही. ही शेवटची गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. वर्षातून एकदा झाडू हातात घेऊन छायाचित्रे काढविणाऱ्या पुढाऱ्यांनी तर ती आवर्जून ध्यानात घ्यावी.

अर्थात फिलाडेल्फियात जमीन ओस होती. मुंबईत प्रश्न नेमका उलटा आहे. रस्ते व रेल्वे यांच्या रुंदीकरणासाठी उठविलेल्या झोपडीवासीयांना गोवंडी-मानखुर्द भागात लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींत पक्की घरे मिळाली. पत्र्याच्या छपराखालून माणूस सिमेंटच्या छपराखाली आला, त्याच्या नावावर घर झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पुनर्वसनाच्या नावाखाली नेहमीचे बांधकामाचे नियम शिथिल करण्यात आले. नटवर पारेख कंपाउंडमध्ये सात-सात मजल्यांच्या इमारतींमध्ये अंतर राहिले ते जेमतेम तीन मीटरचे! खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. मधल्या फटीत कचरा साठतो, म्हणून खिडकी बंद. खिडकी बंद, म्हणून हवा कोंडलेली. २०१८ साली डॉक्टरांच्या एका संस्थेने आणि मुंबईच्या आय.आय.टी.ने मिळून केलेल्या पाहणीत ह्या दोन वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण, इमारतींत मोकळी जागा असलेल्या शेजारच्या तिसऱ्या वसाहतीपेक्षा, कितीतरी अधिक आढळले.

क्षयाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, म्हणून त्याची नोंद झाली. पण ज्या अंधारात फुप्फुस कुजते, त्याच अंधारात मन उल्हसित राहील असे मानणे शहाणपणाचे नाही. दिवस उजाडला की मावळला हे ज्या खोलीत कळत नाही, तेथे झोपेचे चक्र बिघडते आणि झोप बिघडली की चित्त थाऱ्यावर राहत नाही, हे वैद्यकशास्त्र सांगते. लिफ्ट बंद पडली की सातव्या मजल्यावरची म्हातारी घरकैदेत पडते. झोपडपट्टीत दाराबाहेर ओटा होता, तेथे भाजी निवडता निवडता दोन शब्द बोलता येत. येथे दाराबाहेर आहे तो अंधारा बोळ. घर मिळाले आणि शेजार गेला.

म्हणून चाळीचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. अलीकडे ती एक मध्यमवर्गीय हौस झाली आहे. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गिरणी कामगार, सकाळची संडासाची रांग आणि नळावरची भांडणे यांत काव्य नव्हते. पण चाळीला गॅलरी होती आणि पुढ्यात मैदान होते. संपाच्या सभा तेथे भरल्या, आणि नोकरी सुटलेला माणूस तेथेच चार जणांत बसून दिवस काढू शकला. गिरणगावात दोन्हींना जागा होती.

ती जागा गेली कशी, हेही तपासले पाहिजे. १९८२ च्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियमावलीप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा एक-तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेसाठी व सार्वजनिक सोयींसाठी आणि तेवढाच परवडणाऱ्या घरांसाठी मिळावयाचा होता. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जमिनीची नव्हे, तर बांधकाम नसलेल्या तुकड्याचीच करावयाची, असे ठरले. गिरणीची जमीन शेड्सनी व्यापलेली, तेव्हा शहराच्या वाट्याला काय उरणार हे उघड होते. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. मुंबईत आज माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास सांगितली जाते, म्हणजे एक सतरंजीही धड पसरता येत नाही!

जागा नाही म्हणून असे करावे लागते, हा युक्तिवाद नवा नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हिएन्नातही घरांची भयंकर टंचाई होती. तेथील नगरपालिकेने १९२३ पासून चढत्या दराचा गृहकर बसविला. मोठ्या बंगल्यावर मोठा कर आणि कामगाराच्या खोलीवर नाममात्र. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. १९३० साली पुरी झालेली कार्ल मार्क्स होफ ही वसाहत एक किलोमीटरहून लांब आहे. तिच्यात १,३८२ घरे, सामुदायिक धुलाईघरे, बालवाड्या, दवाखाना व ग्रंथालय होते. तरीही एकूण जमिनीच्या पाचव्या भागाहून कमी जागेवर बांधकाम. बाकी सारे आवार आणि बाग. १९३४ च्या फेब्रुवारीत डॉलफुसच्या सैन्याने ह्याच वसाहतीवर तोफा डागल्या. हे काम करणारे सोशल डेमोक्रॅट्स होते आणि त्यांच्या राजकारणाविषयीचे मतभेद सर्वश्रुत आहेत. पण ती वसाहत उभी आहे आणि तेथे लोक राहत आहेत.

मुंबईत वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील शंभर वर्षांच्या बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या दिल्या गेल्या. हे भाडेकरूंच्या दीर्घ लढ्याचे यश आहे. आता त्यांच्या समित्यांनी चौरस फुटांइतक्याच काटेकोरपणे नकाशातील उरलेल्या जागा मोजून घ्याव्यात: दोन टॉवरमध्ये अंतर किती, खालच्या मजल्यावर ऊन किती तास पोहोचते, तळमजला मोटारींना दिला की मुलांना, म्हाताऱ्यांना टेकायला बाक कोठे, आणि दहा वर्षांनंतर लिफ्टचा खर्च कोणी सोसावयाचा. उत्तरे लेखी घ्यावीत, कारण पाया भरल्यानंतर इमारत सरकवता येत नाही.