आधी दम, मग वेग

तरुणपणी मी रोज ऊर फुटेस्तोवर धावायचो. दोन महिन्यांत नडगी दुखावली, स्पर्धा हुकली. चूक फार उशिरा कळली.

गप्पा मारता येतील अशा संथ धावण्यात स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळतो. हृदय बळकट होते, दम वाढतो. जोरात धावताना प्राणवायू अपुरा पडतो, पाय भरून येतात. हा सरावही हवाच, पण मोजका आणि विश्रांती देऊन.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आधी आठवड्याला १०० मैल धावायला लावत. वेगाचा सराव नंतर. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी त्यांच्या पीटर स्नेलने ८०० आणि मरे हालबर्गने ५००० मीटरचे सुवर्णपदक जिंकले.

आता मैदानावरच्या मुलांना मी धावताधावता एवढेच विचारतो, ‘बोलता येतंय ना रे?’