अडगळीतला संगणक
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात पेण येथे केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझी सारी नोकरी रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून गेली. मापक यंत्रे उघडायची, पुसायची, बिघडलेला भाग बदलायचा आणि पुन्हा जोडायची, एवढेच मला येते. आपल्या चिटणीस साहेबांना कुठून तरी कळले की मी घरातला जुना संगणक सुमारे तीन हजारांत कामाला लावला. ते म्हणाले, तेवढेच येऊन सांगा. म्हणून उभा आहे. तेवढेच सांगेन.

माझी धाकटी बहीण रोह्यात असते. तिचे यजमान कुवेतला होते. २०१२ साली ते रजेवर आले तेव्हा मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून त्यांनी संगणक घेतला. इंटेलचा दुसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री, दोन जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. त्या काळी घरात ती मोठी वस्तू होती. पाच-सहा वर्षे चालली. पुढे सुरू व्हायलाच चार-चार मिनिटे लागू लागली, तोवर हातोहाती मोबाइल आले, आणि संगणकावर क्रोशाचा रुमाल चढला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात घराचे पत्रे उडाले, तेव्हा तो उचलून आतल्या खोलीतल्या माळ्यावर टाकला. तिथेच राहिला. आपल्यापैकी किती जणांच्या माळ्यावर असा एक डबा आहे, ते मी विचारत नाही. चेहऱ्यांवरून दिसते आहे.

माझी भाची बारावी सायन्सला होती. २०२३ मध्ये तिने एमएचटी-सीईटी दिली. ही परीक्षा २०१९ पासून संगणकावर होते, हे आपण जाणताच. गणिताचे पन्नास प्रश्न, नव्वद मिनिटे. मुलगी हुशार, पण तिने सारा अभ्यास मोबाइलवर केलेला. बोटाने पडदा सरकवायची सवय. परीक्षेच्या खोलीत समोर माउस आला. एके ठिकाणी उत्तरावर खूण केली आणि ते जतन करायचे बटण दाबायचे राहिले. मग मागे जा, पुन्हा पाहा, पुन्हा शंका. घरी येऊन मला म्हणाली, "मामू, शेवटचे अकरा प्रश्न मी वाचलेसुद्धा नाहीत." तिने एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायचे ठरवले. नवा संगणक घ्यावा म्हणून एका दुकानातून कागद आणला, तो पस्तीस हजारांचा. मेहुणे तोवर कुवेतहून कायमचे परतले होते. तो कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि विषय बदलला. त्या रात्री मी माळ्यावर चढलो.

आता दोन चुका आधी कबूल करतो, कारण त्या तुमचे पैसे वाचवतील.

पहिली चूक जुनी. २०१८ च्या सुमारास हाच संगणक मंद झाला म्हणून मी एका दुरुस्तीवाल्याकडे नेला होता. त्याने न विचारता डिस्क फॉरमॅट केली आणि चोरीचे विंडोज घालून परत दिला. त्या डिस्कवर आमच्या वडिलांचे, म्हणजे मुलांच्या नानांचे, शेवटच्या ईदचे फोटो होते. दुसरीकडे कुठेच नव्हते. बहीण मला काही बोलली नाही. दोन दिवस बोललीच नाही. तेव्हा मंडळी, डबा कोणाच्याही हाती देण्यापूर्वी आतले फोटो, कागद, दाखले दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. डबा सुरूच होत नसेल तर डिस्क काढून यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला जोडता येते. ती केबल बाजारात मिळते.

दुसरी चूक घाईची. मी "डीडीआर-थ्री रॅम" एवढेच सांगून पट्टी आणली. घरी येऊन पाहतो तो ती आखूड, लॅपटॉपची. डेस्कटॉपची पट्टी लांब असते. दुकानात पाटी होती, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. आता मी जुनी पट्टी काढून खिशात घेऊनच बाजारात जातो.

कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट करावी, आणि ती फुकट आहे. संगणक जेमतेम का होईना चालत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबा. विंडोज १० मध्ये टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडते. तिच्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे टक्के दिसतात. काही न करताही डिस्क शंभर टक्क्यांना टेकलेली असेल तर दुखणे डिस्कचे. मेमरी नव्वदच्या वर असेल तर रॅमचे. कारखान्यात आम्ही गेज लावल्याशिवाय व्हॉल्व्ह बदलत नसू. इथे मात्र लोक काहीही न मोजता "ग्राफिक कार्ड टाका" म्हणतात. ज्याला गेम खेळायचे नाहीत त्याला ते कशाला?

आमच्याकडे दुखणे दोन्हींचे होते, पण मुख्य डिस्कचे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या असतात, बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या, आणि त्यांच्यावरून एक बारीक हात फिरतो. प्रत्येक लहानशा फाइलसाठी त्या हाताला नव्या जागी जावे लागते. अशा फेऱ्या तो सेकंदाला शंभरेक करू शकतो, आणि संगणक सुरू होताना हजारो फाइली मागतो. वाचनालयातला एकच शिपाई दर पुस्तकासाठी कपाटापर्यंत चालत जातो, तसे ते आहे. एसएसडीमध्ये फिरणारे काही नाही, सारे चिपवर. शोधायला लागणारा वेळ शंभरपटीने कमी. आमच्या बोर्डावरचे साटा कनेक्शन जुन्या, निम्म्या वेगाचे होते. तरी चार मिनिटांचे काम अर्ध्या मिनिटावर आले. जुन्या डब्यात ही लहान डिस्क बसवायला जागा नसते म्हणून अडू नका. आत काही फिरत नाही, त्यामुळे एका स्क्रूवर किंवा दोन्ही बाजूंच्या चिकटपट्टीवरही ती सुखाने राहते. जुनी हार्ड डिस्क ठीक असेल तर फोटो ठेवायला आतच राहू द्या. मात्र पाचशे रुपयांत "दोन टीबी" असे लिहिलेली वस्तू कोणी दाखवली तर हात जोडून पुढे जा. तिच्यावर लिहिलेले आणि तिच्यात मावणारे यांचा संबंध नसतो.

डबा उघडल्यावर जे दिसले त्याचे वर्णन महिलांसमोर करायला संकोच वाटतो. झुरळांची अंडी, एक वाळलेली पाल, आणि पंख्यावर नमद्यासारखी धूळ. पेणमध्ये ज्यांच्या घराशेजारी गणपतीचे कारखाने आहेत, त्यांच्या पंख्यावर प्लास्टरची पांढरी भुकटी बसते. ती ओलसर हवेत घट्ट होते. पंखा बोटाने अडवून मऊ ब्रशने साफ करावा. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी, हरभऱ्याएवढी लावावी. रॅमच्या पट्टीची सोनेरी कडा आपल्या खाऱ्या दमट हवेत काळवंडते. शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने ती हलकेच घासली की पुष्कळदा "मेलेला" संगणक उठून बसतो. वायर काढून ठेवून, डब्याच्या धातूला हात लावून मगच आत हात घालावा. आणि विजेचा बंद डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो मात्र स्वतः उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

एका चाळीस रुपयांच्या वस्तूबद्दल मुद्दाम सांगतो. मदरबोर्डवर नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर-२०३२. तो संपला की संगणक बंद करताच तारीख विसरतो आणि कुठल्यातरी जुन्या सालात जातो. तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत जुळत नाही. लोक समजतात इंटरनेट बिघडले, आणि इंटरनेटवाल्याशी भांडतात. मीही भांडलो आहे.

बोर्ड आणि एसएमपीएस तपासायला मी तो डबा पेणला एका ओळखीच्या कारागिराकडे आणला. रोह्याहून रेल्वेने, मांडीवर घेऊन. निडी गेले, नागोठणे गेले, कासूला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, "टीव्ही का?" मी म्हटले, भाचीचा अभ्यास आहे. कारागिराने कपॅसिटर पाहिले. फुगलेला एकही नव्हता. म्हणाला, खर्च करायला हरकत नाही.

खर्च असा झाला. २०२३ च्या दिवाळीच्या सुटीतले हे दर आहेत. दोनशे चाळीस जीबीची एसएसडी १६५० रुपये, चार-चार जीबीच्या दोन वापरलेल्या रॅम पट्ट्या १०००, साटा केबल ८०, पेस्ट १२०, सेल ४०, आणि वायफायचे छोटे यूएसबी यंत्र ४००. एकूण ३२९० रुपये. लॅपटॉपच्या चुकीच्या पट्टीचे पैसे मी यात धरलेले नाहीत, ते माझ्या नावावर. बरेचसे सामान मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोडवर घेतले. पण हे दर आज धरून चालू नका. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव जगभर चढले आहेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या केंद्रांकडे कारखान्यांचा माल वळला. घरून फोनवर दोन-तीन ठिकाणी भाव विचारून मगच निघावे.

मग प्रश्न विंडोजचा. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली, थोडे अपवाद सोडले तर, बसत नाही. म्हणजे आमच्या दुसऱ्या पिढीला दार बंद. दुकानदार म्हणतो, "मी टाकून देतो ना." काय टाकून देतो ते मी एकदा भोगले आहे, आणि आज त्याच संगणकावरून आपण बँकेचे व्यवहार करतो. आम्ही लिनक्स मिंट घेतले. ते फुकट मिळते, तेही राजरोस. त्याची सोय अशी की पेन ड्राइव्हवरून ते नुसते चालवून पाहता येते; डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर सारे लागते का ते कळते. फायरफॉक्स आहे, लिब्रेऑफिस आहे, इनस्क्रिप्ट कळफलकाने मराठी टंकलेखन होते. मात्र खरे तेही सांगितले पाहिजे. टॅली शिकायचे असेल, किंवा क्लासचे एखादे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालणारे असेल, तर मिंटवर गाडी अडेल. ज्याची गरज ती आहे त्याने वेगळा विचार करावा.

आणि काही डब्यांवर एक रुपयाही घालू नये. रॅम डीडीआर-टू असेल, प्रोसेसर पेंटियम फोर किंवा कोअर टू डुओ असेल, बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले असतील, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: तो भंगारात द्या, डिस्क तेवढी काढून घ्या. त्यापेक्षा मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले, तपासून विकले जाणारे डेस्कटॉप पाहावेत. आठव्या पिढीचा किंवा नंतरचा मिळाला तर विंडोज ११ चीही सोय होते. फक्त बिलावर वॉरंटी लिहून घ्यावी, तोंडी नको.

भाचीने त्या संगणकावर हिवाळाभर सराव परीक्षा दिल्या. पहिला महिना ती माउसवरच चिडत होती. २०२४ मध्ये पर्सेंटाइल वाढला. हवे ते कॉलेज मिळाले नाही, पण अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. श्रेय तिचे आहे, एसएसडीचे नाही. तरी या वेळी शेवटचे प्रश्न वाचायचे राहिले नाहीत, एवढे तिने मला फोनवर आवर्जून सांगितले. आता त्या संगणकासमोर तिचा धाकटा भाऊ बसतो. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. त्याचा अर्ज त्याने स्वतः घरीच भरला, आणि शेजारच्या दोन मुलींचाही.

एवढेच राहिले की मृगाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट ऐकू आला की नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढावा, केबल असेल तर तीही.

मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेची किल्ली देण्याचे कबूल केले आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता मी येथे पेणला असेन, चौथ्या रविवारी रोह्यात माझ्या घरी. स्क्रू-ड्रायव्हर, ब्रश आणि खोडरबर माझ्याकडे आहे. मजुरी नाही. मॉनिटर आणू नका, फक्त डबा आणि त्याची वायर आणा, आणि ज्या मुलाचा किंवा मुलीचा तो होणार आहे तिला बरोबर आणा, कारण झाकण तिनेच उघडायचे आहे.