परम्याची लाज नको, इलाज हवा



आज जरा अवघड विषय घेतला आहे. आयाबायांनी उठून जाऊ नये. गोष्ट त्यांच्याही जिवाची आहे. आम्ही काही डॉक्टर नव्हे. शाळा चालवलेले मास्तर आहोत. पण डॉक्टरांकडून समजून घेतले, ते सांगतो.

आमचा एक जुना विद्यार्थी ट्रकवर क्लीनर होता. त्याला लघवीला आग होऊ लागली. पूही येऊ लागला. त्याला वाटले, उन्हाळी लागली. सब्जा घालून पाणी प्याला. मग दुसऱ्याच्या चिठ्ठीवर दुकानातून चार गोळ्या आणल्या. पू थांबला, पण महिन्याने पुन्हा आला. तोवर बायकोला रोग लागला होता, आणि ती पोटुशी होती. आम्ही विचारले, "आधी का नाही बोललास?" तो म्हणाला, "गुरुजी, लाज वाटली."

हा रोग म्हणजे परमा. तो जंतूंमुळे होतो. नाइसर नावाच्या जर्मन डॉक्टराने १८७९ साली ते जंतू शोधून काढले. रोग शरीरसंबंधातून लागतो. उष्णतेने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. पुरुषाला बहुधा आठवड्याच्या आत त्रास सुरू होतो. बाईला मात्र पुष्कळदा काहीच कळत नाही. रोग आत वाढतो, गर्भनळ्या बिघडतात, मूल राहत नाही. मग लोक तिलाच बोल लावतात! बाळंतपणात जंतू बाळाच्या डोळ्यांत गेले, तर दृष्टी जाऊ शकते.

पुरुषाचा पू काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बाईच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. आतला स्राव किंवा लघवी प्रयोगशाळेत तपासतात. गरमी आणि एचआयव्हीसाठी रक्तही तपासून घ्यावे.

आता नीट ऐका. कपाशीवर एकच औषध वारंवार फवारले, की काय होते? काही अळ्या मरत नाहीत. त्यांचीच पैदास वाढते, आणि पुढे ते औषध पाण्यासारखे होते. परम्याचेही तसेच झाले. आधी सल्फाच्या गोळ्या होत्या. १९४० नंतरच्या काही वर्षांतच त्या निकामी ठरू लागल्या. मग पेनिसिलिन आले. १९७६ साली पेनिसिलिन फोडून टाकणारे जंतू सापडले. पुढे आणखी काही गोळ्याही गेल्या. आज मुख्य भरवसा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या इंजेक्शनावर आहे. जपानसारख्या देशांत त्यालाही दाद न देणारे जंतू आढळले आहेत. म्हणून चुकीचे किंवा अपुरे औषध घेणे म्हणजे जंतूंना शहाणे करणे होय.

तेव्हा एवढे करा :

दुकानातून मनाने गोळ्या घेऊ नका. सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टर तुमचे नाव गावात सांगत नाहीत.

नवराबायको दोघांनीही औषध घ्या. दुसरा कुणाशी संबंध आला असेल, तर त्यालाही सांगा. एकालाच बरे केले, तर रोग परत येतो.

औषध घेतल्यावर सात दिवस संबंध टाळा. एरवी निरोध वापरा.

त्रास परत आला, तर परत जा. जंतू प्रयोगशाळेत वाढवून कोणते औषध लागू पडेल, ते पाहता येते.

आमच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही स्वतः सोबत घेऊन गेलो. बाळंतपणाआधी दोघांनाही औषध मिळाले. ती मुलगी आता अंगणवाडीत जाते. परवा आम्हाला लांबूनच ओळखून तिने हाक मारली, "आजोबा!"