कुंभारणीच्या घरातली अळी

आमच्या खारेपाटणला घर महिनाभर बंद ठेवलं, की कधीकधी कुलपात किल्ली शिरत नाही. आत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं असतं!

तिची गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. ती अळीला कोंडते, बाहेर गुणगुणत राहते, आणि त्या ध्यासानं अळीचीच कुंभारीण होते. कीटभृंगन्याय तो हाच. लहानपणी हे पाहायला मी एक घरटं चाकूनं उघडलं. आत पाच-सहा हिरव्या अळ्या. मेल्या म्हणाव्यात, तर टोचल्यावर वळवळतात. जिवंत म्हणाव्यात, तर चालत नाहीत. शिवाय छताला धाग्यानं लोंबणारं एक अंडं.

अंडं कुंभारणीचं. अळ्यांना ती नांगी मारून लुळं करते, मारीत नाही. मेलेल्या अळ्या कुजल्या असत्या. अंड्यातलं पोर त्या ताज्या अळ्या खातं, कोष करतं आणि भिंत कुरतडून बाहेर पडतं. फ्रान्समध्ये झाँ-आँरी फाब्र (१८२३-१९१५) यांनी अशीच घरटी उघडून हे बारकाईनं लिहून ठेवलं. कोंडली अळी, निघाली कुंभारीण! जुन्या लोकांनी पाहिलं ते खरंच. मधलं तेवढं भिंतीआड राहिलं.

मोठेपणी आजीला हे सांगितलं. "म्हणजे खाल्लंन् तिला?" एवढंच म्हणाली आणि गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी मी खुंटीजवळचं घरटं पाडायला गेलो, तर म्हणाली, "राहू दे रे. पोर आहे ना आत."