वसईच्या कोटातली चर्च

औरंगपुऱ्यात राहणाऱ्या आपल्या माणसाला किल्ला म्हटलं की दौलताबाद आठवतो. ताशीव कडा, खंदक, अंधारी वाट. आज ज्या किल्ल्याविषयी बोलायचं आहे, तो मात्र खाडीच्या मुखाशी, सपाट जमिनीवर आहे. आत शिरलं की नजर बुरुजांकडे जात नाही, ती चर्चच्या मनोऱ्याकडे जाते. हा वसईचा किल्ला.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या धास्तीत होता. पोर्तुगिजांची मदत मिळावी म्हणून 1534 साली त्यानं वसई त्यांना देऊन टाकली. दोन वर्षांत बालेकिल्ला उभा राहिला आणि पुढे त्याभोवती तटबंदीचं अख्खं शहर वाढलं. एक दरवाजा समुद्राकडे, एक जमिनीकडे. आपण बावन्न दरवाजांच्या शहरातले. तटाच्या आत बाजार, वाडे आणि प्रार्थनास्थळं कशी नांदतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मलिक अंबरनं 1610 साली आपलं हे शहर खडकी या नावानं वसवलं, तेव्हा वसई पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताची राजधानी म्हणून भरभराटीत होती.

फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन या प्रत्येक पंथाचं इथे आपलं चर्च होतं आणि त्याला लागून मठ. जेझुइटांच्या चर्चचं दर्शनी तोंड आजही उभं आहे. दोन्ही बाजूंना गोल खांब, मध्ये कमानदार दार आणि दगडावर नाजूक कोरीव काम. ते पाहताना मला वेरूळच आठवतं, आणि त्याला कारण आहे. दगड तोच आहे. लाव्हा थिजून झालेला दख्खनचा काळा बेसॉल्ट. आपल्याकडे कारागिरांनी तो डोंगरातून वरून खाली कोरत नेला, वसईत तो चिऱ्यांवर चिरा ठेवून रचला. वसईचा हा दगड गलबतांतून गोव्यापर्यंत गेला. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चच्या दर्शनी भागावरचं काळं कोरीव दगडकाम त्याचंच आहे.

वसईच्या या सगळ्या चर्चमध्ये एक गोष्ट नीट पाहण्यासारखी. लोक जिथे बसत, तो लांब दालनाचा भाग उघडा पडला आहे. वेदीवरची दगडी कमान मात्र बऱ्याच ठिकाणी टिकली आहे. दालनावर लाकूड आणि कौलं होती. निगा संपली, तशी ती गेली. पायाखाली थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवर पोर्तुगीज अक्षरं, घराण्यांची चिन्हं. कृपा करून त्यांच्या कडेनं चाला.

ही निगा संपली 1739 मध्ये. पोर्तुगीज अमलात या भागातली देवळं पाडली गेली होती, धर्मासाठी सक्ती झाली होती. तो जाच मराठ्यांचे सेनापती चिमाजी अप्पा यांच्या मोहिमेमागे होता. वेढा महिनोन् महिने चालला. शेवटी मराठ्यांनी सुरुंग लावून सेंट सेबॅस्टियनचा बुरूज उडवला. हजारो माणसं पडली. मे महिन्यात तह झाला आणि शरण आलेल्यांना सन्मानानं, शस्त्रांसह जाऊ दिलं गेलं. विजयाच्या क्षणी दाखवलेल्या या वर्तनाचा मला मनापासून अभिमान वाटतो.

चर्चच्या घंटा मात्र दूरदूर पोहोचल्या. नाशिकला पंचवटीत गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर टांगलेली मोठी घंटा पाहिली असेल, ती वसईच्या विजयाची खूण. भीमाशंकरालाही अशी घंटा आहे, मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांनी त्यांचा नाद ऐकला असेल.

गोरे सत्ताधीश गेले, तरी वसईचा ख्रिस्ती समाज गावातच राहिला. ही माणसं इथल्याच मातीतली: सामवेदी, वाडवळ, कोळी. वसईतच जन्मलेले गोन्सालो गार्सिया 1597 साली जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले आणि 1862 मध्ये संत ठरले. याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईची हिरवाई वाचवण्यासाठी ते रस्त्यावर उतरले, बायबल त्यांनी सुबोध मराठीत आणलं. जानेवारी 2020 मध्ये आपल्या मराठवाड्यात, उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आजारी असूनही ते आले. एका धर्मगुरूला तो मान आपल्या मुलखात मिळाला, ही आपल्यासाठीही मोठी गोष्ट होती.

हे सगळं पाहायचं, तर देवगिरी एक्स्प्रेसनं दादरला उतरावं, विरारची लोकल धरून वसई रोड गाठावं. किल्ल्यात चिमाजी अप्पांचा पुतळा आहे, नागेश्वराचं देऊळ आहे, तेही पाहावं. भिंतींवर नावं कोरलेली दिसतील, मुलांना त्यापासून रोखावं. आणि शक्यतो रविवारी सकाळी जावं. पडक्या चर्चमधून बाहेर पडून पापडीला किंवा नंदाखालला गेलात, तर तिथल्या नांदत्या चर्चमध्ये प्रार्थना चालू असते, आणि ती मराठीत असते.